ओळंबा : लातूरच्या आर्किटेक्टबाईंना वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी माझ्या व्यवसायावर एक टिपण लिहिलं. संपादकांनी त्याखाली 'प्रश्न असल्यास कळवा' असं छापलं आणि माझ्या सुट्टीची वाट लागली. निम्म्या पत्रांत प्लॉटचं माप आणि 'एक छानसा प्लॅन पाठवून द्या' एवढंच होतं. ती बाजूला ठेवली आहेत, राग नसावा. उरलेल्यांतली ही काही. मी 1996 पासून लातुरात ऑफिस चालवते, त्याआधी तीन वर्षं भूकंपग्रस्त किल्लारी भागात होते. जे सांगते ते या मुलखापुरतं समजावं.

प्रश्न : मुलीला नाटा या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण आहेत. तिला आर्किटेक्चरच करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, पाच वर्षं घालवून ती उदगीरमध्ये काय करणार, त्यापेक्षा सिव्हिल करू दे. काय करावं? (एक पालक, उदगीर)

उत्तर : नातेवाइकांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो मुलीला विचारायला हवा.

पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग आर्किटेक्चर कौन्सिलची नोंदणी, मग कुणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षं उमेदवारी. मला 1993 मध्ये पुण्यात पहिला पगार महिना 1,200 रुपये मिळाला. माझ्याबरोबर बारावी झालेली मैत्रीण तेव्हा शिक्षिका होऊन मोकळी झाली होती, आणि दिवाळीत मला साडी घेऊन देत होती. आजही सुरुवातीचा पगार पाहून आईबाप हळहळतात. हे आधीच सांगून ठेवते.

अशा वेळी लोक मोठी नावं पुढे करतात. अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, त्यांनी आयआयटी कानपूर उभं केलं. बाळकृष्ण दोशी पुण्याचे, त्यांना 2018 मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. अभिमान वाटावा अशीच नावं आहेत. पण कानविंद्यांनी दिल्लीत काम केलं आणि दोशींनी अहमदाबादेत. तुमच्या मुलीला उदगीरला परत यायचं असेल तर ही उदाहरणं तिच्या कामाची नाहीत. एका जागी मुक्काम ठोकलेल्यांचं उदाहरण हवं असेल तर लॉरी बेकर यांचं घ्या. ते जन्माने बर्मिंगहॅमचे, पण तीन दशकांहून जास्त काळ तिरुवनंतपुरमला राहिले आणि तिथल्या विटेत, तिथल्या गवंड्यांबरोबर 2007 मध्ये डोळे मिटेपर्यंत काम करत राहिले.

आता रोजचं खरं चित्र. माझ्या तीस वर्षांतलं बहुतेक काम म्हणजे शिक्षकांचे आणि आडत्यांचे बंगले, डॉक्टरांचे दवाखाने, मंगल कार्यालयं, आणि लातूर पॅटर्नच्या कृपेने क्लासेस, अभ्यासिका, होस्टेलं. मासिकात छापून यावं असं फार थोडं. एक गोष्ट मात्र मोठ्या शहरात मिळत नाही. मी बांधलेल्या घरांत लग्नं झाली, त्यांची पंगत मी जेवले. गंजगोलाईत भाजी घेताना कुणीतरी हमखास हाक मारतं, 'मॅडम, जिन्याखाली पाणी येतंय बरं का!' मुलीला या हाकेची भीती वाटणार असेल तर तिने पुण्यातच राहावं. वाटणार नसेल तर उदगीरला तिची गरज आहे. सिव्हिल की आर्किटेक्चर हा वाद त्यापुढे लहान आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी स्वतःचं ऑफिस टाकलं. लोक चहा पाजतात, तीन तास बसतात, चार प्लॅन काढून घेतात आणि बांधकाम दुसऱ्याला देतात. फी मागितली की म्हणतात, 'इंजिनिअर पाच हजारांत देतो.' (एक तरुणी, बार्शी)

उत्तर : चहा तू पाजतेस की ते? ते पाजत असतील तर परिस्थिती बरी आहे.

कौन्सिलने बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत फीचा एक तक्ता ठरवून दिलेला आहे. माझ्याकडे आलेल्या एकाही माणसाने तो पाहायला मागितलेला नाही. टक्केवारी ऐकली की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, घर महाग होईल तसा हिचा फायदा. म्हणून घरांना मी ठरावीक रक्कम सांगते आणि पाच हप्ते पाडते. पहिली बैठक फुकट. तीत पेन्सिल उचलायची नाही, फक्त ऐकायचं. घरात कोण कोण आहे, म्हातारी कुठे झोपते, मोटारसायकली किती, पाहुणे मुक्कामाला येतात का. दुसऱ्या बैठकीआधी एका पानाचा कागद करायचा, त्यावर सही आणि पहिला हप्ता. तो कागद मराठीत कर. माझा पहिला करारनामा इंग्रजीत होता. समोरच्याने तो आदराने घडी घालून खिशात ठेवला आणि पुढे कधीही उघडला नाही.

हप्ते कसे पडतात हेही माहीत असू दे. आमच्याकडे माझी फी सोयाबीनच्या भावावर चालते. भाव पडला की फोन लागत नाही. एका गृहस्थांनी शेवटच्या हप्त्याऐवजी तूरडाळीचं पोतं आणून ठेवलं होतं. डाळ उत्तम होती. पण ऑफिसातल्या पोराचा पगार डाळीत देता येत नाही.

इंजिनिअरांशी भांडू नकोस. 1972 च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणी असलेल्यांनाच लावता येते, पण घराचा नकाशा दुसऱ्या कुणी काढूच नये असं तो कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा कायद्याचा धाक दाखवून गिऱ्हाईक येणार नाही. आणि गावातला चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर हा तुझ्या व्यवसायातला सगळ्यात जवळचा माणूस असायला हवा, सख्ख्या भावासारखा. त्याचे पैसे तुझ्या फीत घुसवू नकोस, मालकाला वेगळे द्यायला सांग. घुसवलेस की तू त्याला कमी देशील आणि तो हिशोबात वेळ न घालवता सळई जास्त घालेल.

साइटवर मिस्त्री ऐकत नाहीत, असंही तू लिहिलं आहेस. पहिली दोन वर्षं माझंही कुणी ऐकलं नाही. एका गवंड्याने तर तोंडावर सांगितलं, 'मॅडम, नकाशातली रेघ सरळच असते, भिंत वेगळी असते.' मी बाजारात जाऊन ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारं दोरीचं वजन, विकत आणला आणि तो पर्समध्ये ठेवायला लागले. भिंतीला लावला की वाद मिटतो. तो अजून पर्समध्ये असतो आणि विमानतळावर दर वेळी बाहेर काढून दाखवावा लागतो.

प्रश्न : निलंग्याजवळ आमचा आजोबांच्या काळचा माळवदाचा वाडा आहे. भाऊ म्हणतात, किल्लारीला अशीच घरं पडली, पाडून आरसीसी करू. मला वाडा ठेवायचा आहे. धोका खरंच आहे का? (एक वाचक, सध्या पुणे)

उत्तर : तुमचे भाऊ घाबरले असतील तर त्यांना हसू नका.

किल्लारीचा भूकंप म्हणजे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, तीन वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. मी पुण्यात नोकरीला लागून तीन महिने झाले होते. चौथ्या दिवशी मी औशाला वडिलांकडे आले आणि तिथून एका संस्थेच्या जीपमध्ये बसून गावांत गेले. काय दिसलं ते सगळं लिहिणार नाही. कामापुरतं सांगते. दगडी भिंत दोन-अडीच फूट जाडीची, बघायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड घालायची पद्धत बहुतेक ठिकाणी सुटलेली होती. जमीन हलली आणि दोन्ही थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटे झाले.

दुसरा गुन्हेगार डोक्यावर होता. माळवद म्हणजे तुळया, त्यावर लाकडं-फळ्या, त्यावर पांढरी माती. ही माती गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून आणतात, ती पाणी सहज आत घेत नाही. छत गळलं की पावसाळ्याआधी एक थर टाकायचा. आजोबाने टाकला, बापाने टाकला, नातवाने टाकला, जुना कुणी काढला नाही. मी मोजलेल्या एका घरात मातीचा थर सव्वादोन फूट होता. उन्हाळ्यात त्याखाली गारवा असतो हे खरं, आणि त्या रात्री तोच थर झोपलेल्या माणसांवर आला हेही खरं.

पण याच गावांतून मी आणखी एक गोष्ट पाहिली, ती भावांना सांगा. जिथे छताचं ओझं भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर होतं, खणाखणांचं घर होतं (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण), तिथे पुष्कळदा भिंती बाहेर पडल्या आणि आतला सांगाडा माळवदासकट उभा राहिला. म्हणून पहिला प्रश्न हा, की तुमच्या वाड्यात तुळया कशावर टेकल्या आहेत? भिंतीत घुसल्यात की खांबावर आहेत? ढाळजेपासून, म्हणजे दारालगतच्या ओसरीपासून सुरू करून एकेक खण पाहत जा आणि कागदावर मांडा. खांबाचा पायथा उसकटून वाळवी पाहा. मोबाईलवर फोटो पाठवून हे कळत नाही.

खांबांवर असेल तर वाचवण्यासारखं बरंच आहे. सगळी जुनी माती उतरवा, खाली प्लास्टिकचा कागद अंथरा आणि वर सहा-आठ इंचच माती परत घाला. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे लाकडी टेकू ठोका. भिंतीत दर मीटरभरावर आरपार भोक पाडून, त्यात आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतील. दरवाजा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारी बाजूंनी जाळीचा पट्टा मारा. पुनर्वसनाच्या काळात सरकारी दुरुस्ती कार्यक्रमात हीच कामं झाली. मी स्वतः असे तीसेक वाडे हाताळले आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत घ्या आणि त्याने 'पाडाच' म्हटलं तर कारण लिहून मागा.

1993 आधी भूकंपाच्या नकाशात आमचा भाग पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे सगळ्यात निर्धास्त. 2002 च्या मानकात तो तिसऱ्यात गेला. आरसीसी घर बांधलं म्हणजे सुटलो असं नाही. आठ इंची कॉलम, त्यातल्या सळया बांधणाऱ्या रिंगा फूटभर अंतरावर आणि पाणी मारलंय दोन दिवस, अशी आरसीसी घरं मी रोज पाहते. त्यांच्यापेक्षा तुमचा नीट बांधलेला वाडा मला परवडेल.

एक अवांतर. 52 गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे लहान-मोठी, भूमिहीनांना 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्यांना 750. रस्ते रुंद, सरळ, काटकोनात. आम्ही तरुण मंडळी तेव्हा त्या आखणीवर खूश होतो. वर्षभराने गेले तर प्रत्येक घरापुढे पत्र्याचा आडोसा, त्यात चूल आणि म्हैस. एका म्हातारीने विचारलं, 'बाई, यवढा रस्ता कुणाला, मला का यष्टी पळवायची हाय?' भावकी एका गल्लीत असायची ती चार टोकांना गेली होती. मी घराआधी जनावरांची जागा विचारते, ते तेव्हापासून.

प्रश्न : ईशान्येला जिना आला आहे. वास्तूत चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का ते पाहा. नसतील तर दिशा कुठलीही असो, एक दिवस कुणीतरी पडणार.

प्रश्न : मी दुबईत असतो. गावाकडे स्वतःच्या शेतात घर बांधायचं आहे. ठेकेदार ओळखीचा आहे, आर्किटेक्टने व्हिडिओ कॉलवर लक्ष ठेवलं तर चालेल ना? (एक वाचक)

उत्तर : शेत काळीचं आहे का? असेल तर माझ्या मामाची गोष्ट ऐका.

1997 मध्ये मी मामाचं घर केलं, अहमदपूर रस्त्याला. माझं पहिलं स्वतंत्र घर. शेजारच्या शेतात विहीर खणताना चार फुटांवर मुरूम लागल्याचं मामाने सांगितलं. मी विश्वास ठेवला, स्वतः खड्डा घेऊन पाहिला नाही. पाया पाच फूट नेला आणि थांबले. आमच्या जागेत मुरूम सात-साडेसात फुटांवर होता. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढी. दुसऱ्या मे महिन्यात बैठकीच्या भिंतीत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी चीर गेली. मामा म्हणाला, 'लेकरा, एक खिडकी जास्तीची दिलीस.' एवढंच म्हणाला. मामीने तिथे कपाट सरकवलं. ते अजून तिथेच आहे, आणि दर दिवाळीला मी त्याच्या समोर बसून फराळ करते.

तेव्हापासून कुठलंही घर असो, प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डा घेतल्याशिवाय मी टेबलाशी बसत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, सगळे कॉलम जोत्याच्या बीमने बांधायचे, घराभोवती चारेक फूट फरसबंदी करायची म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजत-सुकत नाही, आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेला सोडायचं नाही. निलगिरी-बाभूळ घरापासून लांब.

व्हिडिओ कॉलवर खड्ड्याचा तळ दिसत नाही. ओली माती आणि ओला मुरूम दोन्ही मोबाईलात सारखेच दिसतात. शेतातलं घर म्हणून परवानगीचं काय, हेही तलाठ्याकडे आणि पंचायतीत आधी विचारून घ्या. तुमच्या तालुक्यात असेल असा कुणी आर्किटेक्ट शोधा, माझ्यासारखीला शंभर किलोमीटरवरून बोलावू नका. आणि पायाच्या आठवड्यात रजा टाकून स्वतः या. वास्तुशांतीला नाही आलात तरी चालेल.

प्रश्न : हा व्यवसाय सोडावासा कधी वाटला का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : 2016 मध्ये. त्या मार्चात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. घरी प्यायला पाणी नसताना काँक्रीटवर कोण मारणार? एकेक काम थांबलं, सेंट्रिंगवाले हैदराबादकडे गेले, माझ्याकडची दोन्ही पोरं पुण्याला. मी सकाळी ऑफिस उघडून बसत असे, फोन वाजत नसे. भाचा म्हणाला, 'आत्या, पुण्याला ये, माझ्या कंपनीत ओळख आहे.' मी हो म्हटलं होतं.

12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली. 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत 50 हजार लिटर. गर्दीत मीही बघायला गेले होते. घरी येऊन हिशोब मांडला. माझ्या घराची गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे 93 चौरस मीटर. आपल्याकडे बऱ्या वर्षी 700 मिलिमीटर पाऊस होतो. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 50 हजार लिटरच्या वर पाणी गच्चीवरून गटारात जातं. माझ्या डोक्यावरून दर वर्षी एक वाघीण वाहून जात होती, आणि मी वीस वर्षं लोकांच्या गच्च्यांचे उतार असेच गटाराकडे काढत होते.

भाच्याला नाही कळवलं. जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढली आणि एकेकाच्या घरी जाऊन पाइप वळवून देते म्हटलं, फी न घेता. पहिल्या वर्षी अकरा घरं झाली. त्यातल्या चौघांनी पुढे नवी कामं दिली, म्हणजे अगदीच धर्मादाय नव्हतं. उतार कसा, गाळणी कशी, पहिल्या पावसाचं घाण पाणी कसं सोडून द्यायचं, यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

प्रश्न : तुमच्या स्वतःच्या कामातली तुम्हाला न आवडणारी इमारत कोणती? खरं सांगा. (आर्किटेक्चरचा एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : एक होस्टेल. नाव-पत्ता देत नाही, त्यात मुलं राहतात. तीन मजले, मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दहा बाय दहाच्या खोल्या, खोलीत तीन कॉट. मालकाने खोल्यांचा आकडा आधीच ठरवला होता आणि मी तो प्लॉटमध्ये बसवून दाखवला. हुशारी वाटली होती तेव्हा. पश्चिमेच्या खोल्यांना खिडकी एकच, समोर वारा जायला वाट नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वरच्या मजल्यावरची मुलं ओली चादर दाराला लावून अभ्यास करतात. ते माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे. दुसऱ्या रस्त्याने जायचं तर अर्धा किलोमीटर वळसा पडतो, आणि काही वर्षं मी तो घातला.

गेल्या वर्षी मालकाच्या मुलाकडे कारभार आला. त्याला जाऊन सांगितलं की बोळाच्या बाजूच्या भिंती नुसत्या विटांच्या आहेत, बीमखाली झरोके फोडता येतील, गच्चीवर पांढरा चुना मारता येईल, खर्चाचा अंदाज हा. तो म्हणाला, 'मॅडम, तेव्हाच का नाही केलं?' बरोबर विचारलं त्याने. सध्या वरच्या मजल्यापुरतं कबूल केलंय, खालचं पुढच्या वर्षी बघू म्हणतो. सोमवारी ब्रेकर येतोय. दुपारी दोन ते चार ठोकाठोक नको, असं मुलांनी आधीच बजावून ठेवलं आहे.